गाडी पुन्हा कधी येणार?

ज्या शाळेच्या पटावर अठरा मुले आहेत, तिथे वीस संगणकांची प्रयोगशाळा बांधा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. महाराष्ट्रात अशा शाळा अपवादापुरत्या नाहीत. २०२३ साली शिक्षण विभागाने समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा चौदा हजारांच्या वर होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. सरकारला सुचलेला उपाय मुले हलवण्याचा होता. नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातले पानशेत यांची उदाहरणे दाखवून, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या लहान शाळा एकत्र करायच्या आणि मुलांना बसने एका मोठ्या शाळेत आणायचे, अशी ती योजना. शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी विरोध केला, आणि तो रास्त होता. शाळा लांब गेली की आधी मुलींचे येणे थांबते, हे सांगायला कोणत्याही अहवालाची गरज नाही. पण त्या वादावादीत एक साधा विचार बाजूलाच राहिला. गाडी घ्यायचीच आहे, तर तिच्यातून मुले नेण्याऐवजी लहान शाळेला न परवडणारी साधने मुलांकडे का नेऊ नयेत? संगणक हे त्यातले पहिले साधन. फिरत्या संगणक वर्गाची कल्पना देशात नवी नाही. कंपन्या आणि संस्था ती वर्षानुवर्षे राबवत आहेत. लहान शाळांच्या बाबतीत ही कल्पना योग्यच आहे, असे माझे मत आहे. मात्र आज ती बहुतेक ठिकाणी ज्या पद्धतीने चालते, त्या पद्धतीने तिच्यातून फारसे काही हाती लागणार नाही. अडचण गाडीची नाही, वेळापत्रकाची आहे.

आधी परिस्थिती किती बदलली आहे ते पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतातल्या जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. शहरात हेच आकडे २३.४ आणि ४२ टक्के होते. शाळांची स्थिती त्यानंतर झपाट्याने सुधारली, निदान कागदावर तरी. यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचातील २०२३-२४च्या नोंदींनुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होते. पुढच्याच वर्षी हे प्रमाण ६४.७ टक्क्यांवर गेले आणि इंटरनेट असलेल्या शाळा ६३.५ टक्के झाल्या. हे आकडे शाळांनी स्वतः भरलेले असतात, हे ध्यानात ठेवून वाचावे लागतात. मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा, पोषण आहाराची आणि ‘सरल’ या सरकारी प्रणालीची माहिती भरण्यासाठीचा एकुलता एक संगणकही या गणतीत येऊ शकतो. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात कोणत्या शाळा आहेत, हे मात्र वेगळे सांगायला नको. डोंगरातल्या, पाड्यावरच्या, एक-दोन शिक्षकांच्या शाळा प्रत्येक योजनेत शेवटी राहतात, कारण दर मुलामागचा खर्च काढला की त्या नेहमीच महाग ठरतात.

साधन फिरते ठेवून महागडी गोष्ट अनेकांना पुरवण्याची युक्ती आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. शिकलेली मुले वाचायला काही नसल्याने पुन्हा निरक्षर होतील ही भीती होती, म्हणून त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून १९१०नंतर गावोगावच्या वाचनालयांचे जाळे उभे केले. त्या जाळ्याचा एक भाग फिरत्या वाचनालयांचा होता. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी संस्थानच्या खर्चाने गावात जायची, तिथल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात राहायची आणि ठरलेल्या मुदतीने बदलून दुसरी यायची. पुढे १९३१ मध्ये तमिळनाडूतल्या मन्नारगुडीला बैलगाडीतून ग्रंथालय सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाला ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन हजर होते. मुंबईत बीना लष्करी आणि रजनी परांजपे यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या डोअर स्टेप स्कूलने १९९८ साली रस्त्यावरच्या मुलांसाठी बसमधली शाळा काढली. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी ती बस उभी राहते, तिच्यात वर्ग भरतो आणि मग ती पुढच्या जागी जाते. पुण्यातली विज्ञानवाहिनी, अमेरिकेतून परतलेल्या डॉ. मधुकर आणि पुष्पा देशपांडे यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात सुरू झालेली, प्रयोगशाळा नसलेल्या ग्रामीण शाळांत निवृत्त प्राध्यापक आणि शिक्षकांसह दिवसभर प्रयोग करून घेते.

या उदाहरणांत मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. विज्ञानवाहिनीचा एक दिवस सार्थकी लागतो, कारण तिचे काम कुतूहल जागे करण्याचे आहे. पुस्तकात वाचलेला प्रयोग एकदा स्वतःच्या हातांनी केला की तो बराच काळ मनात राहतो, आणि पुढचे वर्षभर शिक्षक त्याचा आधार घेऊ शकतो. संगणकाचे तसे नाही. टंकलेखन, फाइल शोधणे, एखादी माहिती खरी की खोटी हे तपासणे, तक्ता मांडणे ही सगळी सरावाची कामे आहेत. त्यासाठी बडोद्याची पेटी आणि मुंबईची बस जवळची, कारण त्या दोघींचेही बळ पुन्हा पुन्हा येण्यात होते. संगणक वर्गाच्या गाड्या काढणाऱ्यांनी नक्कल मात्र एकदिवसीय भेटीची केली.

एक मोठे उदाहरण घेऊ. एचपी कंपनीने २०१७ मध्ये ‘वर्ल्ड ऑन व्हील्स’ या नावाने ४८ बस ग्रामीण भारतात फिरवण्याचे जाहीर केले. इंटरनेटची सोय असलेल्या या बस सहा वर्षांत ६४०० गावांत पोहोचतील आणि दीड कोटी लोकांपर्यंत जातील, असे उद्दिष्ट होते. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. गणित मात्र करून पाहावे. ६४०० गावे ४८ बसमध्ये वाटली की एका बसच्या वाट्याला सुमारे १३३ गावे येतात. सहा वर्षांत पसरली की वर्षाला बावीस. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला २२० दिवस शाळा असते. म्हणजे एका गावाला मिळतात दहा दिवस, तेही सहा वर्षांतून एकदा. त्या दहा दिवसांत शाळेतली मुले, बचत गटाच्या बायका, तरुण आणि ग्रामपंचायत अशा सगळ्यांना वेळ द्यायचा. उद्दिष्टे अशी मांडण्यामागे काही दुष्टावा नसतो. अहवालात ‘किती गावे’ आणि ‘किती लाभार्थी’ हे दोनच रकाने असतात, म्हणून गाडी सतत नव्या गावाला जात राहते. त्याच गावात दुसऱ्यांदा गेली तर लाभार्थ्यांची संख्या वाढत नाही. अशा हिशेबात परत येणे हे तोट्याचे ठरते, आणि शिकणे तर परत येण्यानेच होते.

संगणकाने मुले शिकतात की नाही, या प्रश्नावर आता अंदाजाने बोलण्याची गरज राहिलेली नाही. गुजरात सरकारने २००० साली वडोदऱ्याच्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी पाहिले तर त्यातले फारच थोडे मुलांच्या वापरात होते. मग प्रथम संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे याप्रमाणे, गणिताचे खेळ द्यायला सुरुवात केली. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर तुलना करून २००७ मध्ये निष्कर्ष छापले. गणितातली वाढ ०.४७ प्रमाण विचलनाची होती. सोप्या शब्दांत, शंभर मुलांत पन्नासाव्या जागेवरचे मूल अडुसष्टाव्या जागेच्या आसपास पोहोचावे इतकी. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढा परिणाम क्वचित दिसतो. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा मोजले, तेव्हा त्यातला बराचसा ओसरला होता. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. आठवड्याला दोन तास पुरेसे असतात, आणि ते थांबले की लाभही ओसरतो.

याच गुजरातमध्ये ली लिंडेन यांनी केलेला दुसरा अभ्यास आणखी उपयोगाचा आहे. ज्ञानशाला संस्थेच्या वर्गांत तोच संगणक कार्यक्रम दोन रीतींनी चालवला गेला: काही ठिकाणी नेहमीच्या शिकवण्याच्या वेळेत, काही ठिकाणी शाळा सुटल्यावर जादा वेळात. जादा वेळात शिकलेल्यांना फायदा झाला. शिक्षकाचा तास कापून संगणकासमोर बसवलेल्यांचे नुकसान झाले, तेही थोडेथोडके नव्हे. ज्या वर्गात शिक्षक चांगले शिकवत होते, तिथे त्यांचा तास काढून घेतला की मुले मागे पडली. फिरत्या वर्गाला यातून सरळ धडा मिळतो. गाडी आली म्हणून मराठीचा आणि गणिताचा तास रद्द करून सगळ्यांना बाहेर काढायचे, ही आजची सर्वसाधारण पद्धत बंद व्हायला हवी. गाडीची वेळ शाळेच्या वेळापत्रकात आधीच बसवलेली असली, तरच ते जमते.

मुलाच्या हाती यंत्र दिले की पुढचे आपोआप होते, या श्रद्धेचीही परीक्षा झाली आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैरातच्या एकशिक्षकी शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते छोटे लॅपटॉप घेतलेल्या मुलांची छायाचित्रे तेव्हा खूप छापून आली. भारताने ती योजना मोठ्या प्रमाणावर स्वीकारली नाही. पेरू देशाने स्वीकारली आणि लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले: मुलांच्या हाती संगणक कितीतरी वाढले, गणित आणि भाषा मात्र होती तिथेच राहिली. सुगत मित्रा यांचा ‘भिंतीतले छिद्र’ हा प्रयोग याच श्रद्धेचा भारतीय अवतार. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीतल्या कालकाजी इथे त्यांनी झोपडवस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसवला, आणि मुले कोणी न शिकवता तो चालवायला शिकली. हे खरेच घडले आणि महत्त्वाचेही आहे. मुलांना माउसची भीती वाटत नाही, हे त्यामुळे कायमचे सिद्ध झाले. पण पुढे उत्तराखंडातल्या अल्मोडा भागातली अशी केंद्रे पाहायला गेलेल्या पायल अरोरा यांना ती ओस पडलेली आढळली, आणि गावकऱ्यांच्या मनात त्यांची आठवणही धूसर झालेली. यंत्राची ओळख आपोआप होते. त्याचा उपयोग कोणीतरी शिकवावा लागतो.

माउस कोणाच्या हातात असतो, हा प्रश्नही इथेच येतो. मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूतल्या संशोधन केंद्रातल्या उदय पवार, जोयोजीत पाल आणि केंटारो तोयामा यांनी २००६च्या सुमारास ग्रामीण शाळांत पाहिले, की एका संगणकाभोवती चार-पाच मुले असली तरी माउस एकच जण धरून बसतो. त्यांनी उपाय काढला तो असा की एकाच पडद्यावर अनेक माउस चालतील, प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा. कल्पना साधी होती आणि मुलांना ती आवडली. आपल्या वर्गांत माउस धरणारा मुलगा बहुधा गावातल्या वजनदार घरचा असतो, आणि मुली मागच्या ओळीत उभ्या राहून पाहतात. दोघांमागे एक यंत्र आणि अर्ध्या तासाने जागा बदलायची, हा नियम शिक्षकाने डोळ्यात तेल घालून पाळायला लावावा लागतो. गाडीत वीस यंत्रे आणि शाळेत अठरा मुले असतील, तर हा प्रश्नच उरत नाही. लहान पटाच्या शाळांना या एका बाबतीत मोठ्या शाळांपेक्षा सोपे जाते.

आता नेहमी घेतला जाणारा आक्षेप. घराघरांत स्मार्टफोन आला असताना संगणकाची गाडी कशाला? ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या अहवालाने याचे उत्तर सोपे केले आहे. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२.२ टक्के मुलांना तो वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमे पाहिली होती, ५७ टक्क्यांनी अभ्यासाशी संबंधित काही केले होते. त्यांच्यात स्वतःचा फोन असलेल्या मुलग्यांचे प्रमाण ३६.२ टक्के, मुलींचे २६.९. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी पासवर्ड कसा बदलायचा हे ५७.७ टक्क्यांना ठाऊक होते, स्वतःचे खाते खासगी कसे ठेवायचे हे ५५.२ टक्क्यांना. म्हणजे जवळपास निम्मी मुले दाराला कडी न लावता त्या जगात वावरत आहेत. शिवाय ही चौदा वर्षांपुढची मुले. प्राथमिक शाळेतल्या मुलाला घरातला फोन मिळतो तो वडील शेतावरून किंवा कामावरून परतल्यावर, तोही कार्टून पाहण्यापुरता. फोनवर बोट सरकवून पाहता येते. तक्ता मांडता येत नाही, पानभर मजकूर नीट लिहिता येत नाही, काम जतन करून उद्या पुढे चालवण्याची सवय लागत नाही. सरकारच्या पीएमजीदिशा या डिजिटल साक्षरता योजनेत ६.३९ कोटी ग्रामीण लोकांना प्रशिक्षण मिळाले, उद्दिष्टापेक्षाही जास्त. पण ती १४ ते ६० वयोगटासाठी, एकूण वीस तासांची होती, आणि मार्च २०२४ मध्ये संपली. एमएससीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने २००१पासून लाखो मराठी तरुणांना संगणकाची ओळख करून दिली. त्याची केंद्रे मात्र फी भरू शकणाऱ्यांसाठी, बाजाराच्या गावी. दहा वर्षांच्या, पाड्यावरच्या मुलासाठी यातले काहीच नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्याला मी अर्धी मान्यता देतो. ज्या मुलाला नीट वाचता येत नाही त्याला संगणक कशाला, असे अनेक चांगले शिक्षक म्हणतात. बरोबर आहे, वाचता न येणारे मूल पडद्यावरच्या चित्रांना बोटे लावत राहील, त्यापलीकडे जाणार नाही. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष संगणक थांबवण्याचा नाही, संगणकावर आधी वाचन घेण्याचा आहे. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या ‘माइंडस्पार्क’ केंद्रांत हेच दिसले. सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीवरून शिकवणाऱ्या कार्यक्रमाने साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्हींत चांगली वाढ दिसली. सोबत शिकवणारा माणूस होता, हेही तितकेच खरे. एका खोलीत पहिली ते चौथी सांभाळणाऱ्या शिक्षकाला नेमकी हीच मदत हवी असते: चौघांना बेरीज, तिघांना जोडाक्षरे, दोघांना भागाकार एकाच वेळी देऊ शकणारे साधन.

तिसरा आक्षेप असा की गाड्या फिरवण्यापेक्षा प्रत्येक शाळेला कायमचे संगणक द्यावेत, तोच मुलांचा हक्क आहे. हक्काची भाषा मला पटते. अनुभव मात्र तिला साथ देत नाही. केंद्राने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो संगणक शाळांत आणले, २००४ मध्ये आयसीटी योजना आणली. महाराष्ट्रात ती योजना माध्यमिक शाळांत ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर, पाच वर्षांच्या करारावर चालली. करार संपल्यावर संगणक शाळेच्या मालकीचे झाले, तोपर्यंत ते जुने झालेले, आणि शिकवणारे निदेशक घरी बसले. नोकरीसाठी त्यांना आझाद मैदानावर आंदोलने करावी लागली. प्राथमिक शाळांत लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहिल्या. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यासारख्या ठिकाणी एखाद्या धडपड्या शिक्षकाने उत्तम काम केले. पण वीजबिलाची थकबाकी साचून जोडणी तोडलेल्या शाळांच्या बातम्या राज्यात वर्षानुवर्षे येत राहिल्या. प्रोजेक्टर दानात मिळतो, दरमहाचे बिल कोणी दान देत नाही. यंत्राची देखभाल, वीज आणि शिकवणारा माणूस या तीन गोष्टींचा खर्च दहा शाळांत वाटला तर पेलतो, एका शाळेवर पडला तर पेलत नाही. गाडीचा खरा फायदा हा आहे. दुरुस्ती करणारा आणि शिकवणारा तिच्याबरोबर येतो, आणि वीज सौरपटलावरून किंवा आदल्या रात्री भरलेल्या बॅटरीतून मिळते.

इथे गाडीच्या रूपाबद्दलही बोलले पाहिजे. वातानुकूलित, रंगवलेली, चाळीस फुटी बस उद्घाटनाला शोभते, पण त्र्यंबकच्या किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावर ती चढत नाही, आणि पावसाळ्यात तर नाहीच. वर्ग गाडीच्या आतच भरला पाहिजे हा हट्ट कशासाठी? शाळेला खोली आहेच. जीपमध्ये दोन ट्रंका, त्यांत भरलेले लॅपटॉप आणि इंटरनेटशिवाय चालणारा छोटा सर्व्हर एवढे नेले तरी वीस मिनिटांत वर्ग उभा राहतो. मराठी विकिपीडिया, बालभारतीची पुस्तके, धड्यांचे व्हिडिओ हे सगळे त्या सर्व्हरवर आधीच उतरवून ठेवता येते. वीसेक वर्षांपूर्वी कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर भागात ‘डाकनेट’ नावाचा प्रयोग झाला होता. गावोगाव फिरणाऱ्या बसवर वायफायचे उपकरण बसवले होते. बस गावात आली की तिथल्या केंद्राची माहिती उचलायची आणि शहरात पोहोचल्यावर पुढे पाठवायची. कायमचे इंटरनेट नसलेल्या शाळेला आजही ही रीत उपयोगी आहे. मुलाने या मंगळवारी लिहिलेला प्रश्न पुढच्या मंगळवारी उत्तरासह परत येतो.

शिकवायचे काय, हे ठरवताना शहरातल्या खासगी शाळांच्या ‘कोडिंग’च्या जाहिराती डोळ्यांसमोर ठेवू नयेत. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंग सांगितले आहे. ते यथावकाश यावे. ग्रामीण घरातले शाळकरी मूल आधीच घराचा कारकून झालेले आहे. ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर मोबाइलवरून सुरू झाली, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज आले. शिष्यवृत्त्या, दाखले, प्रवेश सगळे ऑनलाइन. आईबापांना अडते तिथे मूल बोट फिरवते. त्या मुलाला ओटीपी म्हणजे काय, तो कोणाला सांगायचा नाही, सरकारी संकेतस्थळाचा पत्ता कसा ओळखायचा, भरलेल्या अर्जाची प्रत कशी जपायची हे कोणी शिकवलेले नसते. आणि देवनागरी टंकलेखन! आवाजाने मजकूर लिहिण्याची सोय आल्यापासून मराठी टाइप करायला शिकणे जणू अनावश्यक ठरले आहे. मूल स्वतः अक्षरे जुळवून वाक्य लिहिते तेव्हा शुद्धलेखनाचा जो सराव होतो, तो बोलून होत नाही. चौथीच्या मुलाला गावाची, ओढ्याची, आजीच्या औषधी पाल्याची पानभर माहिती मराठीत टाइप करायला लावावी. यात वाचन, लेखन आणि संगणक हे तिन्ही एकत्र येतात.

गरज पाहून साधन निवडणे महाराष्ट्राला एकदा जमले आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांत ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प मोठ्या गाजावाजाने सुरू झाला. काही वर्षांनी पाहिले तर गावातली संगणक केंद्रे प्रामुख्याने ऊसनोंदणीच्या आणि वजनाच्या कामाला लागली होती. मग २००७च्या सुमारास काही गावांत त्या संगणकांची जागा साध्या मोबाइलच्या एसएमएसने घेतली, आणि तेच काम स्वस्तात व सोयीने झाले. साधन मोठे असण्यात शहाणपण नाही, हे तिथे दिसून आले.

गाडी गेल्यावर शाळेत काय उरते, यावर सगळे अवलंबून आहे. बडोद्याची पेटी गावात राहायची. आपली गाडीही दोन टॅब आणि एक सर्व्हर शाळेत ठेवून जाऊ शकते. शाळेचा शिक्षक गाडीतल्या प्रशिक्षकाशेजारी उभा राहून निम्मा तास स्वतः घेईल, ही अट असावी. तो मागे खुर्चीवर बसून रजिस्टर भरत राहिला, तर गाडी बंद झाली त्या दिवशी सगळे बंद होते. एसटीची मुक्कामी गाडी हा आपल्याकडचा फार शहाणा शोध आहे. रात्री गावात राहायची, पहाटे गावकऱ्यांना घेऊन निघायची. फिरता वर्गही आठवड्यातून एकदा-दोनदा मुक्कामी करता येईल. संध्याकाळी त्याच यंत्रांवर बचत गटाच्या बायका, अर्ज भरायचे असलेले शेतकरी बसतील, आणि गाडी दिवसा मुलांचीच राहील. दिवसाला दोन शाळा, आठवड्याचे पाच दिवस, अशा दहा शाळांची फेरी धरली तर प्रत्येक शाळेला दर आठवड्याला दीड तास मिळतो. परीक्षा, सण आणि अतिवृष्टी वजा करून छत्तीस आठवडे मोजले तरी वर्षाला चौपन्न तास होतात. पीएमजीदिशाच्या वीस तासांशी ताडून पाहा. फेरीत एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. बहुतेक लहान शाळा चौथी-पाचवीपर्यंतच आहेत. तिथली मुले पुढे ज्या शाळेत जातात, ती शाळाही त्याच गाडीच्या दहांत असावी. नाहीतर पाचवीनंतर सगळा सराव सुटतो.

पैशांचा प्रश्न उरतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, हे एप्रिल २०१४पासून बंधनकारक आहे आणि शिक्षण त्या यादीत आहे. या गाड्यांमागे बहुतेक हाच पैसा असतो. त्याची एक मर्यादा मात्र आहे. नियमांनुसार चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे, म्हणजे एकूण चार. प्रत्यक्षात पुष्कळ करार वर्षभराचेच असतात आणि दुसऱ्या वर्षी कंपनी दुसरा तालुका निवडते. डिझेल, चालकाचा पगार, विमा आणि बॅटऱ्या बदलण्याचा खर्च कोणी धरलेलाच नसतो, म्हणून काही गाड्या उद्घाटनानंतर थोड्याच काळात कुठेतरी आवारात उभ्या राहतात.

तिसरीतले मूल चार वर्षांत सहावी पूर्ण करते. कायदा कंपनीला नेमकी तेवढीच मुदत देतो. ज्या जिल्हा परिषदा अशा गाड्या स्वीकारतात, त्यांनी गाडीची चावी घेण्याआधी चार वर्षांचा लेखी करार मागावा. त्यात दहा शाळांची नावे, प्रत्येकीचा वार आणि वेळ लिहिलेली असावी. आणि पाचव्या वर्षीचे डिझेल व पगार जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात त्याच दिवशी धरलेले असावेत. शाळा व्यवस्थापन समित्यांनी हा करार वर्गाच्या दारावर लावून घ्यावा. आणि ज्या वाचकांच्या कंपनीत, रोटरीत किंवा माजी विद्यार्थी मंडळात यंदा अशा गाडीचा विचार चालू असेल, त्यांनी गावांची संख्या दहावर आणून तिथेच थांबावे.